माहेरचा पाटा काळा, सासरचा गुलाबी: एकाच विदर्भात दोन दगड कसे?

रानजाई (३ जानेवारी, रात्री ९:२०)

नमस्कार मंडळी. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. सासर गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या जवळ. लग्नाला १९ वर्षं झाली, आणि पहिल्या दिवाळीपासून एक प्रश्न मनात आहे. आज तो इथे विचारतेच.

माहेरी आमचा पाटा-वरोटा काळा कुळकुळीत. त्यात कुठेकुठे तांदळाएवढे पांढरे ठिपके. मिरची वाटून पाटा धुतला की ओल्या म्हशीच्या पाठीसारखा चमकायचा. सासरी आले तर पाटा गुलाबीसर करडा, खरबरीत, आणि उन्हात धरला की त्यात अभ्रकासारखं काहीतरी लुकलुकतं. सासूबाईंच्या सासूबाईंनी घेतलेला आहे, म्हणजे जुना, पण इकडचाच.

मग हळूहळू बाकीचंही लक्षात येत गेलं. माहेरी विहीर काळ्या दगडात, वावर काळं, पायाला चिकटणारं. इथे माती पिवळसर-तांबूस, आणि पाऊस थांबला की तासाभरात अंगण कोरडं. तिकडे पऱ्हाटी, इकडे धान. नागपूरहून रेल्वेने येताना तुमसर रोड मागे पडतं, वैनगंगेचा पूल येतो, आणि सगळं जगच बदलतं असं वाटतं.

मुलगा नववीत आहे. त्याच्या पुस्तकात दोन्ही दगड 'अग्निजन्य' या एकाच मथळ्याखाली आहेत. एकाच आगीतून निघाले, तर इतके वेगळे कसे? कोणी नीट समजावून सांगेल का?

सातपुड्याचा_वारा (३ जानेवारी, रात्री १०:०५)

ताई, सोपं आहे. काळा तो बेसाल्ट, गुलाबी तो ग्रॅनाइट. बेसाल्टचा लाव्हा जमिनीवर येऊन झटपट थंड झाला म्हणून दाणा बारीक. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड झाला म्हणून दाणा मोठा. खडीसाखरेचं उदाहरण घ्या. पाक सावकाश निवला की खडे मोठे, भरभर निवला की साखर बारीक. दगड एकच, वेळ वेगळा.

गारगोटी (४ जानेवारी, सकाळी ७:१५)

रानजाईताई, प्रश्न फार सुंदर आहे. मी ३१ वर्षं भूविज्ञान शिकवलं, पण पाट्यावरून हा प्रश्न विचारणारं कोणी भेटलं नव्हतं.

वाऱ्याभाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दाण्याच्या आकाराचं कारण त्यांनी अगदी योग्य सांगितलं. पण शेवटचं वाक्य, 'दगड एकच, वेळ वेगळा', ते मात्र बरोबर नाही, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. खडीसाखर आणि बारीक साखर, दोन्ही साखरच. इथे एक साखर आहे आणि दुसरं मीठ. घटकच वेगळे आहेत.

बेसाल्टचाच रस जमिनीखाली अडकून सावकाश निवला असता, तर त्याचा ग्रॅनाइट झाला नसता. त्याचा गॅब्रो नावाचा दगड होतो: काळपट, जड, मोठ्या दाण्याचा. उलट ग्रॅनाइटचा रस जमिनीवर येऊन भरभर निवला तर बेसाल्ट होत नाही, रायोलाइट होतो. आणि ताई, तो तुमच्या घराजवळच आहे! सालेकसा-दरेकसाच्या पुढे, छत्तीसगडच्या सीमेवर जो आहे त्याला भूवैज्ञानिक 'बिजली रायोलाइट' म्हणतात. म्हणजे एका बाजूला ग्रॅनाइट आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच उघड्यावर निवलेला भाऊ, दोन्ही तुमच्या परिसरात.

तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. रस कशाचा होता, ही एक. तो कुठे आणि किती वेळात निवला, ही दुसरी. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट दोन्ही बाबतींत एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून तुमच्या दोन पाट्यांत इतकं अंतर पडलं.

सातपुड्याचा_वारा (४ जानेवारी, सकाळी ८:४०)

सर, हे मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं खडीसाखरेवरच थांबलो होतो. पण मग रस वेगळा का? पृथ्वीच्या पोटात तर एकच रस आहे ना?

गारगोटी (४ जानेवारी, दुपारी १:३०)

नाही हो, आणि ही समजूत फार पसरलेली आहे. आपल्या पायाखाली तापलेल्या रसाचा समुद्र नाही. कवच घन आहे, त्याखालचं प्रावरणही जवळजवळ सगळं घन दगडच आहे. तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू सरकतं, पण वितळलेलं नाही. रस तयार व्हायला काहीतरी कारण लागतं, आणि ही कारणं दोन दगडांची दोन आहेत.

बेसाल्टचं कारण असं. प्रावरणातला तापलेला दगड वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तो तितक्याच उष्णतेत वितळायला लागतो. सगळा नाही, त्यातला थोडाच भाग. प्रावरणाच्या दगडात लोह आणि मॅग्नेशियम भरपूर, म्हणून निघणारा रसही त्याच अंगाचा. सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, साधारण ४५ ते ५२ टक्के. तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. हा रस पातळ असतो, धावतो.

ग्रॅनाइटचं कारण वेगळं. खंडाचं जाड कवच खोलवर तापतं, त्यातल्या खनिजांमध्ये थोडं पाणी बांधलेलं असतं, त्यामुळे ते ६५० ते ८०० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. कवच आधीच सिलिकाने समृद्ध, म्हणून रसात सिलिका ७० टक्क्यांच्या घरात. असा रस भयंकर चिकट. एकतारी पाक आणि गोळीबंद पाक यांत जो फरक, त्याहून कितीतरी पट अधिक. तो फार वर चढू शकत नाही, काही किलोमीटर खाली अडकतो आणि लाखो वर्षं निवत बसतो.

थोडक्यात, तुमच्या माहेरचा पाटा प्रावरणातून आला आणि सासरचा कवचातून. एक खालून वर आलेला, दुसरा घरचाच जुना माल वितळून पुन्हा गोठलेला.

काळी_कसदार (४ जानेवारी, संध्याकाळी ६:५०)

सर, लय मस्त सांगून रायले तुमी. मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्या वावरात इहीर खोदली तवाचं सांगतो. वर चार हात काळी माती. मंग पिवळा मुरूम. मंग मऊ मांजऱ्या, त्यात पांढऱ्या-हिरव्या गाठी. मंग काळा पाषाण, सुरुंगाबिगर हालतच नाही. मंग एकदम गेरूसारखी लाल माती, हातभर जाड. अन् मंग पुन्ना मांजऱ्या! खोदणारा म्हणे, भाऊ, ह्या लाल पट्टीच्या खाली पाणी हाय. अन् खरंच लागलं. मले आजवर समजलं नाही का दगडाच्या मंधात लाल माती आली कुठून.

गारगोटी (४ जानेवारी, रात्री ८:१०)

भाऊ, तुमची विहीर म्हणजे उघडलेली पोथी आहे.

लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर येत गेले. दोन थरांच्या मध्ये कधी बराच काळ गेला. तेवढ्यात वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजला, त्यातलं लोह गंजलं, लाल झालं. मग पुढचा लाव्हा त्यावर पसरला आणि ती माती भाजली गेली. म्हणून तुमच्या विहिरीतली लाल पट्टी हे त्या काळचं अंगण आहे असं समजा.

मांजऱ्या म्हणजे थराचा वरचा भाग. लाव्हातले वायू वर येतात आणि बुडबुडे तसेच गोठतात. नंतर पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरतात. पांढऱ्या-हिरव्या गाठी म्हणजे त्याच. ताई, तुमच्या माहेरच्या पाट्यावरचे तांदळाएवढे ठिपकेही बहुधा तेच. थराच्या मधला भाग मात्र भरीव, बुडबुड्यांशिवाय. तो तुमचा काळा पाषाण.

पाणी मांजऱ्यात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यावर सापडतं. लाल पट्टी चिकणमातीसारखी असल्याने पाणी अडवून धरते, म्हणून तिच्या वर-खाली बदल जाणवतो. सगळीकडे असंच घडेल असं मात्र समजू नका, थर जागोजागी बदलतात.

पाणाड्याचा_नातू (४ जानेवारी, रात्री ९:३५)

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, शिबला-पार्डीकडे, २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात दगडाचे खांब निघाले होते. सहा बाजूंचे, एकमेकांना चिकटून उभे. मी पाहायला गेलो होतो. हात लावला तर कडा इतक्या सरळ की माणसाने घडवले असंच वाटावं. तेही बेसाल्टच ना?

गारगोटी (४ जानेवारी, रात्री १०:००)

हो, बेसाल्टच. जाड थर सावकाश निवताना आकुंचन पावतो आणि भेगा पडतात. तळं आटल्यावर चिखलाला जशा बहुकोनी भेगा पडतात तशाच, फक्त इथे त्या खोलवर उतरत जातात. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल याच प्रकारचा.

धानाचा_बांध (५ जानेवारी, सकाळी ६:३०)

वहिनी, मी देवरीकडचा. तुमच्या भागातलाच.

आमच्याकडे विहीर खोदली तर वऱ्हाडासारखे थर लागत नाहीत. वरून मुरमाड माती, मग कुजलेला दगड. तो हातात चुरगाळला तर वाळूसारखा भुगा होतो. आणि मग अचानक अख्खा खडक. एकदा अख्खा लागला की लागलाच. फट सापडली तर पाणी, नाही तर कोरडं. शेजारच्या दोन बोअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हणूनच आमच्या जुन्या लोकांनी खाली खोदत बसण्यापेक्षा वरचं पाणी अडवलं. नवेगाव बांध घ्या, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव घ्या, बोड्या म्हणजे लहान तळी घ्या. तलाव बांधणाऱ्या इथल्या कोहळी समाजाला खडकाची ही जात पुस्तक न वाचता कळली होती, असं मला मनापासून वाटतं. ज्या जमिनीत पाणी जिरायला जागा कमी, तिथे ते वर साठवायचं.

आणि डोंगरगडला बमलेश्वरीच्या दर्शनाला गेलात तर पायऱ्या चढताना आजूबाजूचे ते प्रचंड गोल धोंडे बघा. एकावर एक ठेवल्यासारखे. तो सगळा ग्रॅनाइट.

गारगोटी (५ जानेवारी, सकाळी ९:२०)

अगदी बरोबर. शास्त्रात त्याचं नावच 'डोंगरगड ग्रॅनाइट' आहे. वय २५० कोटी वर्षांच्या आसपास. ताईंच्या माहेरचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. ताईंचा काळा पाटा ज्या लाव्हातून आला, तो लाव्हा वाहत होता तेव्हा सासरचा गुलाबी दगड आधीच २४० कोटींहून अधिक वर्षं जुना होता. त्याच्यावरचं काही किलोमीटर जाडीचं छप्पर झिजून गेलेलं होतं. तो उघडा पडलेला होता.

लाव्हा आला तो या जुन्या जमिनीवर. आणि या दोघांच्या मध्ये काय होतं, तेही आपल्याच विदर्भात दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे लाव्हाच्या खालच्या गाळाच्या थरात डायनासोरांची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण सापडलं आहे. पुढे लाव्हाच्या थरांच्या मधे तळी साचली. नागपूरच्या टाकळीला अशा तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये त्यावर लिहिलं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

सातपुड्याचा_वारा (५ जानेवारी, सकाळी १०:१५)

म्हणजे नागपूर दोन्हींच्या सीमेवर?

गारगोटी (५ जानेवारी, सकाळी १०:४०)

हो. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट. तिथल्या वस्तीचं नावच गिट्टीखदान. पूर्वेला गेलात की जुना पट्टेदार खडक. लाव्हाची मूळ कड आणखी पुढे असणार, धूप होत होत मागे सरकली. आणि लाव्हा किती दूर जाऊ शकतो याचा अंदाज हवा असेल तर आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळचं राजमहेंद्री बघा. तिथे दख्खनच्याच लाव्हाचे थर आहेत, उगमापासून जवळपास हजार किलोमीटरवर. हा लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून उडाला नाही, लांबच लांब भेगांमधून वर आला आणि पसरला. बहुतेक शास्त्रज्ञ त्याचा संबंध आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानाशी जोडतात. भारत तेव्हा त्यावरून उत्तरेकडे सरकत होता.

वैनगंगाकाठ (५ जानेवारी, रात्री ८:४५)

मी भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. हा धागा वाचून आज वर्गात मुलांसोबत प्रयोग केला. घरीही सहज करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला. आधी दगडाचं वजन केलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला टेकू दिला नाही, हातानेच धरून ठेवला. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घन सेंटिमीटर त्या दगडाचं आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते.

माझे वडील अमरावतीकडून घर बांधायला आले होते, त्यांनी तिकडचा एक काळा दगड शोभेला ठेवला होता. तो ४३५ ग्रॅम भरला, पाण्यात १४७ आले. घनता २.९६. इथल्या नाल्यातला गुलाबी दगड ४१२ ग्रॅम, पाण्यात १५५. घनता २.६६. मुलांनी दोन्ही दगड दोन हातांत घेऊन आधीच सांगितलं होतं की काळा जड आहे. काट्याने ते खरं ठरवलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मी विसरणार नाही.

एक सावधगिरी. पोकळ्या असलेला काळा दगडही मोजला, तो ३६० ग्रॅम आणि १४४. म्हणजे २.५. तेव्हा बुडबुड्यांचा दगड घेतला तर आकडा फसवतो. भरीवच घ्या.

आणि काळा दगड फोडून थोडी पूड केली, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. पूड चिकटली. गुलाबी दगडाच्या पुडीवर तसं काहीच झालं नाही.

गारगोटी (५ जानेवारी, रात्री ९:१५)

बाई, फार छान. आकडे अगदी जिथे यायला हवेत तिथेच आले. काळ्या दगडात लोहाची खनिजं आहेत, पायरॉक्सीन आहे, शिवाय मॅग्नेटाइटचे बारीक कण. चुंबकाला ते कणच चिकटतात. गुलाबी दगडात मुख्यतः क्वार्ट्झ (काचेसारखे कण) आणि फेल्डस्पार, दोन्ही हलके, आणि थोडं अभ्रक. गुलाबी रंग फेल्डस्पारचा.

काळी_कसदार (६ जानेवारी, सकाळी ७:०५)

सर, आता मातीचं सांगा. आमची काळी उन्हाळ्यात अशी भेगाळते का त्यात हात जाते कोपरापर्यंत. अन् पावसात फुगते. घराचा पाया काळीत घेतला त भिंतीला तडे पक्के. हे दगडामुळं का?

गारगोटी (६ जानेवारी, दुपारी १२:२०)

दगडामुळेच सुरुवात होते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह. तो कुजला की स्मेक्टाइट जातीची चिकणमाती होते. या मातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं तेव्हा ती फुगते, सुकली की आकसते. म्हणून भेगा, म्हणून भिंतींना तडे, आणि म्हणूनच ती पावसाळ्याचं पाणी धरून ठेवून दिवाळीनंतरही पऱ्हाटीला पोसते.

ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ कुजतच नाही. फेल्डस्पारची माती होते, क्वार्ट्झचे कण सुटे होऊन वाळू बनतात. वैनगंगेची, कन्हानची वाळू बांधकामाला इतकी नावाजलेली का? ती या जुन्या खडकांचा क्वार्ट्झ आहे. निव्वळ बेसाल्टच्या नद्यांना अशी पांढरी वाळू क्वचितच मिळते.

धानाचा_बांध (६ जानेवारी, दुपारी २:१०)

सर, तुमचा आदर ठेवून एक गोष्ट जोडतो. धान का पऱ्हाटी हे एकट्या दगडाने ठरत नाही. आमच्याकडे सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, अकोल्याकडे सुमारे ८००. आमच्याकडेही काळी कन्हार जमीन आहे, तिथेही धान होतो. मोरांड आहे, सिहार आहे, बर्डी आहे. एकाच गावात चार प्रकारच्या जमिनी, आणि त्या उतारावर कुठे आहेत त्यावरही ठरतं. वरच्या बाजूला बर्डी, खालच्या बाजूला कन्हार. बांध्या घातल्या नसत्या तर या मातीत पाणी टिकलंच नसतं.

गारगोटी (६ जानेवारी, दुपारी ३:३०)

मान्य. मी दगडाच्या भरात पावसाला विसरलो. दगड, पाऊस, उतार आणि माणसाचे हात, चारही मोजायला हवेत.

टाकीवाला (६ जानेवारी, रात्री ९:५०)

आमच्या घराण्यात पाटे-जाती घडवायचं काम. आजोबा गावोगाव फिरून 'पाटा टाकवायचा का' असं ओरडायचे. मी आता दुसरं काम करतो पण टाकी-हातोडा घरी आहे.

भरीव काळ्या दगडावर टाकी मारली की खणखणीत वाजतो, घंटेसारखा. आतून भेग असेल तर आवाज बसका येतो, आजोबा कान लावूनच दगड निवडायचे. काळ्याचे टाचे एकसारखे बसतात, पण वापरून वापरून तो गुळगुळीत होतो आणि पुन्हा टाकवावा लागतो. गुलाबी दगडाचं वेगळं. त्याचे कणच लहानमोठे. काचेसारखा कण झिजत नाही, शेजारचा गुलाबी कण आधी झिजतो. त्यामुळे तो आपोआप खरबरीत राहतो. पण घडवताना कडा ढासळतात, टाकी लवकर बोथट होते. आजोबांना तो आवडायचा नाही. गिऱ्हाईक मात्र समाधानी असायचं.

रानजाई (६ जानेवारी, रात्री १०:३०)

दादा, हे वाचून मी आत्ता जाऊन पाट्यावर हात फिरवला. खरंच, काचेसारखे ठिपके वर आलेत आणि गुलाबी भाग खाली बसलाय!

सर, आणखी दोन प्रश्न. आमच्या नवीन ओट्याला 'काळा ग्रॅनाइट' बसवला आहे. तो कोणता? आणि दारापुढच्या पायरीच्या दगडात काळे-पांढरे पट्टे आहेत, तोही ग्रॅनाइटच का?

गारगोटी (७ जानेवारी, सकाळी ७:४०)

ओट्याचा आधी. दुकानात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जे विकतात ते बहुतेक डोलेराइट किंवा गॅब्रो असतं. म्हणजे घटकांनी बेसाल्टच्या घराण्यातलं. बाजारात 'ग्रॅनाइट' म्हणजे घासून चकचकीत होणारा कोणताही कठीण दगड.

पायरी मात्र महत्त्वाची आहे, आणि इथे मला माझ्याच आधीच्या बोलण्यात भर घालायची आहे. पूर्व विदर्भात जो जुना, फिकट खडक सगळीकडे दिसतो, तो सगळा ग्रॅनाइट नाही. बराचसा नाइस आहे. प्रचंड दाब आणि उष्णतेने जुने खडक न वितळता बदलतात, त्यांची खनिजं एका दिशेत रांगेने लागतात, आणि पट्टे पडतात. तो अग्निजन्य नाही, रूपांतरित. तुमच्या तालुक्याच्या नावाने शास्त्रात 'आमगाव नाइस' आहे. खनिजं ग्रॅनाइटसारखीच असल्याने काट्यावर घनता जवळपास तीच येते, वजनाने ओळखता येणार नाही. डोळ्यांनीच बघावं लागतं. पाटा स्वच्छ घासून उन्हात न्या आणि कण एका दिशेत झोपलेत की कसेही विखुरलेत ते बघा.

वैनगंगाकाठ (७ जानेवारी, दुपारी १:१५)

सर, आज पट्ट्यांचा दगडही मोजला. ३९८ ग्रॅम, पाण्यात १४९. २.६७! तुम्ही सांगितलं तसंच.

पाणाड्याचा_नातू (७ जानेवारी, दुपारी ४:००)

जाता जाता पाण्याविषयी एक. ग्रॅनाइट-नाइसच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं असं ऐकलं आहे. आमच्या एका नातेवाइकांच्या गावात लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, म्हणून विचारतो.

गारगोटी (७ जानेवारी, संध्याकाळी ५:२०)

हो. काळ्या अभ्रकात आणि अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजात फ्लोराइड असतं, पाणी खडकात वर्षानुवर्षं राहिलं की ते उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. खोल बोअरमध्ये प्रमाण उथळ विहिरीपेक्षा अनेकदा जास्त सापडतं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. पाणी तपासून घ्या, आणि तोवर मुलांना उथळ विहिरीचं, तपासलेलं पाणी द्या. हे लांबवू नका.

पाणाड्याचा_नातू (७ जानेवारी, संध्याकाळी ५:४५)

उद्याच नमुना नेतो, सर.

रानजाई (८ जानेवारी, सकाळी ११:१०)

आज सकाळी मुलाने आणि मी मिळून पाटा अंगणात आणला, नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासला, ओला करून उन्हात ठेवला. गुलाबी कण चौकोनी वड्यांसारखे, पाटा हलवला की एकेक वडी आरशासारखी चमकते आणि विझते. मधे काचेसारखे करडे कण. काळे अभ्रकाचे पापुद्रे, नखाने उचकटले तर बोटाला चिकटतात. कोणत्याही दिशेने पाहिलं तरी रांग दिसत नाही. सगळे कसेही विखुरलेले. म्हणजे पाटा ग्रॅनाइटच.

मग मुलगा पायरीपाशी बसला. तिथे मात्र पट्टे स्पष्ट, आणि एका ठिकाणी तर कापडाची घडी पडावी तसे वळलेले. तो म्हणाला, आई, या पायरीवरून मी रोज शाळेत जातो.

माहेरी आईला फोन केला. पाट्यावरचे पांढरे ठिपके नखाने खरवडायला सांगितले. ती म्हणाली, भिंतीत बसवल्यासारखे घट्ट आहेत, आणि एकाच्या कडेला हिरवी रेघ आहे. संक्रांतीला जाईन तेव्हा विहिरीच्या काठावरून भरीव काळा दगड घेऊन येईन. वैनगंगाकाठ ताई, तो तुमच्या पद्धतीने मोजून आकडा इथे टाकेन.

टाकीवालादादा, तुम्ही कोणत्या गावचे? आईचा पाटा गेली ८ वर्षं टाकवलेला नाही, मिरची सरकते म्हणते. टाकी-हातोडा घरी आहे म्हणालात. जमेल का?

टाकीवाला (८ जानेवारी, दुपारी १२:०५)

दारव्ह्याजवळचा. आर्णी काही लांब नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येतो, ताई. पाटा आदल्या रात्री कोरडा करून उभा ठेवायला सांगा, ओल्या दगडाचा आवाज कळत नाही.